आमच्या विहिरीवरचा फलक

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर एक फलक लावायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं आहे. काळ्या दगडाचा, पांढऱ्या अक्षरांचा. गावचे सुपुत्र, नौदलातले निवृत्त रिअर ॲडमिरल, लहानपणी याच विहिरीत पोहायला शिकले, असा मजकूर त्यावर यायचा आहे. ते स्वतः विशाखापट्टणमहून येऊन त्याचं अनावरण करणार आहेत. सरपंच माझा विद्यार्थी. बोरी गावच्या रस्त्यावर मोटारसायकल थांबवून तो म्हणाला, "गुर्जी, मजकूर तुमीच लिवून द्या. तुमच्याबिगर कुनाला ठावं हाय त्ये?"

बरोबर बोलला तो. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? ती गोष्ट मीच रचली आहे.

मी तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केली, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होतो. मुलांनी खोटं लिहिलं की त्यावर लाल रेघ मारायची, हा माझा धंदा. माझ्या स्वतःच्या गोष्टीवर मात्र मी कधी रेघ मारली नाही. आता वय झालं. दगडावर कोरलेलं माझ्या मागं राहणार. म्हणून फलकाच्या मजकुराऐवजी हे लिहायला बसलो.

ज्याच्या नावाचा फलक, तो मेंढरं राखणाऱ्याच्या घरचा. आमचं घर जमीनवाल्यांचं, गावाच्या वरच्या अंगाला. त्यांची वस्ती करपरा नदीकडं उतरते तिथं, बोरींच्या काट्यांच्या कुंपणात. वय जवळजवळ सारखं, वर्ग एकच. त्याच्या अंगाला सदा मेंढराचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा, म्हणून बाकावर त्याच्याशेजारी कुणी बसायचं नाही. मी बसायचो, कारण गणितं त्याची बघायची असायची.

आमच्याकडं पोरांना पोहायला विहिरीत शिकवायचे. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचं. दोन-तीन उन्हाळ्यांत पोरं भोपळा सोडतात. माझा सुटला नाही. आठवीत गेलो तरी माझ्या पाठीला भोपळा होता आणि माझ्याहून लहान पोरं माझ्या डोक्यावरून उड्या मारायची.

एका उन्हाळ्यात दुपारी तो आमच्या मळ्यावर मेंढरं घेऊन आला. हौदावर मेंढरांना पाणी पाजलं आणि कुणाला न विचारता विहिरीच्या काठावर चढला. वरून उडी मारली. बराच वेळ वर आला नाही. पोरं घाबरली. मग पलीकडच्या कपारीजवळ त्याचं डोकं निघालं, तोंडात पाणी धरून त्यानं त्याची चूळ वर उडवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी भोपळ्यासकट तरंगत होतो, आणि टाळ्या वाजवायला माझे हात मोकळे नव्हते.

मी तसाच ओला वाड्यावर गेलो आणि चुलत्याला सांगितलं की मेंढरंवाल्यांनी विहीर घाण केली. चुलता तापट. हातात बैलाचा कासरा घेऊनच आला. त्याला काही मारलं नाही, पण त्याच्या बापाला बोलावणं धाडलं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबा आले, घोंगडी खांद्यावरून खाली घेऊन उभे राहिले. चुलता म्हणाला, या पाण्याला आता चार दिवस मेंढराचा वास येणार, आमी प्यायचं काय? आबांनी हात जोडले. मालक, चुकलं लेकराचं. एवढंच. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरच्या भोपळ्याकडं एकदा पाहिलं. हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

तो पोहायला कुठं शिकला हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे त्या काळच्या सगळ्यांना. दिवाळीनंतर लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात. करपरेला तेव्हा डोह होता, आता वाळू उपसून त्याचा नुसता खड्डा झाला आहे. बाप्ये छातीभर पाण्यात दोन रांगा करून उभे राहत. एकेक मेंढरू हातोहात पुढं सरकवत, अंग चोळत, पलीकडच्या काठाला लावत. मधल्या खोल पाण्यात मेंढरू आपलं आपण पोहतं. आबांनी पोराला पाचव्या-सहाव्या वर्षीच त्या खोल पाण्यात मेंढराबरोबर सोडलं. भोपळा नाही, दोर नाही. मी काठावरून पाहिलेलं आहे. आबा पाण्यात उभे राहून पोराला सांगत होते, "मानंवर हात ठेव. दाबू नगं. ती पवती हाय, तू निस्ता तिच्या संगं जा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पुढं हे शब्द पुन्हा माझ्यासमोर आले, म्हणून इथं लिहून ठेवतो.

परभणीला कॉलेजात आम्ही एकाच खोलीत राहिलो. खोलीचं भाडं माझ्या घरून, स्वयंपाक त्याच्याकडं. नौदलाच्या अधिकारी भरतीचा फॉर्म मीच आणला. स्टेशनजवळच्या पुस्तकवाल्याकडं वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली होती. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. मी गंमत म्हणून दोन फॉर्म आणले. लेखी परीक्षा दोघंही पास झालो. मुलाखतीसाठी बोलावणं आलं, मला आधी, त्याला दहा दिवसांनी. माझ्याकडं काळे बूट होते, त्याच्याकडं नव्हते. मी गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या चाळणीत बाहेर पडून परत आलो. बूट त्याला दिले. त्याला ते थोडे मोठे होते, त्यानं पुढं वर्तमानपत्राचा बोळा कोंबला. तो पाच दिवस राहिला आणि निवडला गेला.

परत आला तेव्हा बूट पॉलिश करून माझ्या खाटेखाली ठेवले. मी ते पुन्हा कधी घातले नाहीत. बरीच वर्षं मनात येई की निवडले गेले ते माझे बूट.

त्यानंतर त्याचं जे काही झालं ते मी एका विचित्र पद्धतीनं जवळून पाहिलं. आबांना वाचता येत नव्हतं. तो वडिलांना पत्र लिहायचा आणि आबा ते पत्र घेऊन माझ्याकडं यायचे. मी तोवर गावातल्याच शाळेत लागलो होतो. चार वाजता शाळा सुटायची. आबा व्हरांड्याच्या पायरीवर बसून असायचे, पत्र पटक्याच्या घडीत. "गुर्जी, लेकराचं आलंया." एकेकाळी मला छोटे मालक म्हणणारे आबा आता गुर्जी म्हणत, आणि त्यातही माझा अपमान आहे असं मला वाटायचं.

पत्रं वाचताना मी त्याच्या हुद्द्यांचा हिशेब ठेवायचो. सब-लेफ्टनंट, लेफ्टनंट, मग लेफ्टनंट कमांडर. सोबत फोटो आला की आबा फोटो डोळ्याशी नेऊन चेहरा बघायचे आणि मी खांद्यावरच्या पट्ट्या मोजायचो. गावातले लोक विचारायचे, हा तहसीलदारापेक्षा मोठा का बारका? मी सांगायचो, तसं काही सांगता येत नाही, त्यांचं खातं वेगळं. सांगता येत होतं. मी परभणीच्या ग्रंथालयात जाऊन हुद्द्यांचा तक्ता उतरवून आणला होता आणि माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. एकदा त्यानं लिहिलं की या वेळी बढतीच्या यादीत नाव नाही, पुढच्या वर्षी पाहू. ते वाक्य मी आबांना खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. गुरुवारी बोरीच्या बाजारातून अर्धा किलो जिलेबी आणली. बायकोनं विचारलं, आज काय आहे? मी म्हणालो, काही नाही, खावीशी वाटली.

पुढच्या वर्षी त्याचं नाव यादीत आलं. त्या दिवशी घरात माझं आणि बायकोचं भांडण झालं, कशावरून ते आता आठवत नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते या सगळ्याच्या आधीचं. त्याच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातलं एक पत्र. निळी शाई, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. जेवण कसं, थंडी किती, पहाटे किती वाजता उठवतात. मग मधे चार ओळी होत्या. आज पोहण्याची परीक्षा झाली, उंचावरून उडी मारायची होती. आमच्या तुकडीत मी पहिला आलो. इथं सगळे विचारतात, समुद्र नसलेल्या गावचा तू, तुला कुणी शिकवलं? मी सांगतो, माझ्या वडिलांनी. आबा, मानेवर हात ठेव पण दाबू नको, हे तुमचं बोलणं मला उडी मारताना ऐकू आलं.

आबा पायरीवर बसले होते. मी थंडीपर्यंत वाचलं, उठवण्याच्या वेळेपर्यंत वाचलं, आणि त्या चार ओळींवरून नजर काढून खालच्या ओळीवर गेलो. बहिणीला सांगा, मेंढरं किती व्याली ते कळवा, असं काहीतरी होतं ते वाचलं. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. आबांनी विचारलं, बस, इतकंच? मी म्हणालो, इतकंच. त्यांनी पत्राची घडी केली, पटक्यात ठेवली.

का वगळलं? माझा बाप त्या वर्षी वारला होता आणि मी जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकांच्या यादीत नाव लागावं म्हणून परभणीला हेलपाटे घालत होतो. हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं दिलं. ते खरं नाही. पन्नास पोरांत पहिला येऊन ज्यानं बापाचं नाव घेतलं, त्याच्या बापाला ते ऐकायला मिळू नये असं मला वाटलं. तेवढंच कारण. माझ्या हातात तेवढंच होतं.

एकदा जमलं की पुढं सोपं जातं. नंतरच्या पत्रांतही मी थोडं थोडं गाळत गेलो. कुठल्याशा वादळात त्याच्या जहाजानं मच्छीमारांना वाचवलं, त्यातलं त्यानं स्वतः पाण्यात उडी घेतल्याचं गाळलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली ते गाळलं. तब्येत बरी आहे, पैसे पाठवले आहेत, हे सगळं वाचलं.

तो कॅप्टन झाला, एका मोठ्या जहाजाचा प्रमुख झाला, तेव्हा गावानं सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला. बायका ओट्यांवर, पोरं झाडांवर. तो पांढऱ्या गणवेशात आला. आमच्या काळ्या मातीतून चालत आला आणि त्याच्या पँटला डाग लागला नाही. माझं लक्ष तिकडंच होतं. आबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, घोंगडी मांडीवर.

पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडं. भाषण लिहून आणलं होतं. त्यात ही गोष्ट नव्हती. त्याला फेटा बांधताना टाळ्यांचा जो आवाज उठला तो ऐकून मी कागद बाजूला ठेवला. माईकवर विचारलं की आज समुद्रावर राज्य करणारा हा माणूस पोहायला कुठं शिकला? आमच्या विहिरीत. मी त्याच्या पाठीला स्वतःच्या हातानं भोपळा बांधला, एकदा बुडत होता तर मीच केस धरून ओढून काढला.

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. गावानं माझ्यासाठी वाजवलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग आबांकडं पाहिलं. आबांनी मान किंचित हलवली, नाही म्हणताना हलवतात तशी, आणि खाली पायांकडं बघत बसले. त्याचं भाषण झालं. आईबद्दल बोलला, शाळेबद्दल बोलला. पोहण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. खोटं पाडलं नाही. मी रात्रभर त्याचा अर्थ लावला की त्याला विसर पडला असेल, किंवा मोठ्या माणसांना अशा बारक्या गोष्टींचं काही नसतं.

गोष्ट पसरली. स्मरणिकेत छापून आली. दर प्रजासत्ताक दिनाला पोरांना सांगितली जायला लागली. नवे शिक्षक मला विचारून बारकावे लिहून घ्यायचे आणि मी ते पुरवायचो. कोणत्या बाजूनं उडी मारली, भोपळा केवढा होता. बारकावे सांगायला मला अडचण पडत नव्हती. भोपळा माझाच होता.

आबा सत्कारानंतर पाचेक वर्षांनी गेले. तो रिअर ॲडमिरल झाला तेव्हा पत्र वाचून घ्यायला कुणी आलं नाही. मला ते वर्तमानपत्रात कळलं. मी कपाटाच्या दारावरच्या तक्त्यात तो हुद्दा शोधला. वरून तिसरा.

आता फलकाचं निघालं आणि मी आठवडाभर जेवलो नाही असं नाही, जेवलो, पण कागद घेऊन बसलो की हात चालेना. शेवटी त्याच्या बहिणीकडं गेलो. ती त्याच्याहून लहान, सत्तरी ओलांडलेली. नवरा गेल्यापासून माहेरच्या वस्तीवरच असते, अजून पंधरा-वीस मेंढरं बाळगते. दुपारची वेळ होती. ती कोकरांना पाला टाकत होती. मी तिला सरळ सांगितलं की विहिरीची गोष्ट खोटी आहे.

ती पाला टाकत राहिली. म्हणाली, "आमाला ठावं न्हाई व्हय? त्या हिरीवर तर आबाला हात जोडायला लावले व्हते तुमच्या चुलत्यानं."

मग तुम्ही कुणी कधी बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"सत्काराच्या राती दादा लय चिडला व्हता. म्हणला, उद्या सक्काळी चावडीवर जाऊन सांगतो, मला माज्या बापानं शिकवलं म्हून. आबा म्हणला, नगं. गुर्जीचं मन मोडू नगं. तू जाशील समुद्रावर. गुर्जी रुसला तर तुजी पत्रं मला कोन वाचून दावील?"

मी तिथं ओट्यावर बसलो. तिनं पाणी आणून दिलं ते हातात धरून बसलो. ती पुढं सांगत होती, दादा आता फलकाला का कबूल झाला ते. फोनवर म्हणाला म्हणे, लावू दे, म्हातारा झाला तो, त्याला बरं वाटेल. हे ऐकून, खोटं लिहीत नाही, त्या क्षणी मला पुन्हा त्याचा हेवाच वाटला. एवढं मोठं मन करायलाही त्यालाच जमावं.

मग मी तिला चार ओळींचं सांगितलं. पाल्याचा भारा तिनं खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. विहिरीच्या खोट्यानं तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं, आता उमटलं.

"आबा इचारायचा," ती म्हणाली. "लेकरू माजं नाव काडतं का न्हाई पत्रात, गुर्जी कदी वाचत न्हाईत. म्या म्हणायची, कामाच्या रगाड्यात राहत असंल."

ती आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. सगळी पत्रं त्यात आहेत, आबांनी ठेवली तशी. वरचीवर कडुनिंबाचा पाला बदलत आली आहे, कसर लागू नये म्हणून. स्वतःला एक अक्षर येत नाही. घरात नातवंडं शिकली आहेत, पण ती पुण्याला. मी निळ्या शाईचं पत्र शोधून काढलं आणि वाचायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली. माझ्याशेजारी येऊन बसली. पत्र तिनं दोघांच्या मांडीवर पसरलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मेंढरांच्या कामानं काळं पडलेलं, नखाशी चिरलेलं बोट. "आता वाचा. माजं बोट फुडं गेल्याबिगर तुमी फुडं जायचं न्हाई."

तसं वाचलं. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर यायचं, मग मी पुढं जायचो. त्या चार ओळींवर तिनं बोट तीनदा मागं नेलं. मानेवर हात ठेव पण दाबू नको. तिसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर म्हणाली, तिला ते पाठ होतं, तीही त्याच डोहात शिकलेली.

सरपंचाला मी सांगितलं आहे की आमच्या विहिरीवर फलक नको. लावायचाच तर करपरेच्या त्या खड्ड्यापाशी लावा आणि त्यावर आबांचं नाव घाला. तो म्हणाला, गुर्जी, तिथं कोन बघायला जातंय? मग म्हणाला, आन् शाळेतल्या पोरांना काय सांगायचं, इतकी वर्षं सांगितलं त्याचं? मी म्हणालो, मी येऊन सांगतो. सोमवारी जायचं आहे. त्याला विशाखापट्टणमला मी फोन केलेला नाही. हे लिहून झालं की हेच पाठवणार आहे, त्याला वाचून दाखवायला कुणी लागत नाही.

डब्यात अजून बरीच पत्रं आहेत. रोज दुपारी मी वस्तीवर जातो. ती बोट ठेवते, मी वाचतो. घाईत कुठं शब्द गिळला गेला तर बोट हलत नाही. वाचून झालं की ती कागद उलटा करते, मागची बाजू कोरी आहे का पाहते, मगच घडी घालते.